टकटकराव

पेन्सिल आत गेली. निम्मी गेली तरी कुठे अडली नाही.

टकटकराव कारखान्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या पिंपापुढे उकिडवे बसले होते. घरच्या टेबलाचा एक पाय सहा महिन्यांपासून डुगडुगत होता आणि त्यावरून बायकोच्या तोंडाचा पट्टा चालू होता, तेव्हा पायाखाली सरकवायला एखादी ढलपी मिळते का म्हणून ते तुकडे चाळत होते. हाती लागली ती हातभर लांब, चार बोटं रुंद पट्टी. अठरा मिलिमीटरचा बर्च प्लाय. वरून बघावं तर फिकट, गुळगुळीत, नाव ठेवायला जागा नाही. पण कापलेल्या कडेला, तेरा थरांच्या बरोबर मधोमध, पाच-सहा थर खाल्लेली एक काळी फट होती. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी सवयीनेच तिच्यात घातली होती.

त्यांनी पट्टी उलटी केली. पाठीवर निळ्या खडूची बरोबरची खूण होती, शेपूट उजवीकडे वळवलेली. असं शेपूट काढणारा सगळ्या कारखान्यात एकच माणूस होता, आणि तो या क्षणी पिंपापुढे बसून कपाळावरचा घाम पुसत होता.

पट्टी घेऊन ते कटरपाशी गेले. कटर चालवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. दिवसभर कानांवर जाड टोप्या लावून यंत्रापुढे उभा राहायचा, त्यामुळे एरवीही तो पलीकडच्या गल्लीतल्या माणसाशी बोलल्यासारखा बोलायचा. गेलं वर्षभर टकटकरावांना कारखान्यात सगळ्यात जास्त त्याच्याशीच गप्पा मारायला आवडायचं. का आवडायचं, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

"हे तू कापलंस?"

"मग काय शेजारच्यांनी येऊन कापलं?" भोंगा ओरडला.

"ही फट दिसली नाही तुला?"

"दिसली की! आणखी दोन-तीन फळ्यांना पण होती. कडेला झाकायची पट्टी बसली की कुणाला दिसतंय? आणि वर तुमची खूण होती. म्हटलं, टकटकरावांनी बघूनच सोडलं असणार. तुमच्या खुणेवर मी कोण बोलणारा?"

यात खोच असती तर बरं झालं असतं. टकटकरावांनी चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळे झाले असते. पण भोंग्याचा चेहरा सरळ होता. तो मनापासून बोलत होता, आणि तेच त्यांच्या छातीत जाऊन बसलं.

टकटकरावांचं काम काय, हे सांगायला हवं, नाहीतर एका फटीपायी एवढा जीव का खालीवर व्हावा हे कळायचं नाही. कारखाना फर्निचरचा. लाकूड बहुतेक बर्च प्लाय, म्हणजे बर्च या परदेशी लाकडाचे पातळ थर चिकटवलेला. तो आला की गाडीतून उतरल्या उतरल्या प्रत्येक शीट टकटकरावांच्या हाताखालून जायची. आधी कड बघायची. अस्सल मालात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे थर बर्चचेच असतात, सारख्या जाडीचे. अठरा मिलिमीटरला तेरा. लबाड मालात वरचा आणि खालचा थर तेवढा बर्चचा, पोटात भलतंच कुठलं तरी मऊ लाकूड. मग अंगठ्याचं नख कडेवरून ओढायचं. फट पुट्टी भरून बुजवली असेल तर तिथे नख खरवडतं आणि पिठासारखी भुकटी निघते. मग कोपरा उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, एक डोळा मिटून शीटवरून नजर टाकायची; बाक असेल तर लगेच कळतो. वरच्या बाजूला गाठी काढून बसवलेली लांबट गोल ठिगळं असतात, त्यांना कारखान्यात टिकल्या म्हणत. टिकल्या जितक्या कमी तितका दर्जा वरचा. गोंदाची परीक्षा म्हणून बोटभर तुकडा उकळत्या पाण्यात टाकायचा आणि थर सुटतात का बघायचं. हा तुकडा टकटकराव पूर्वी चहाच्या पातेल्यात उकळत असत. एक दिवस सगळ्यांनी गोंदाच्या वासाचा चहा प्यायल्यावर कारखान्यात बंड झालं, तेव्हापासून त्यांचं पातेलं वेगळं.

हे सगळं कुणालाही शिकवता येतं. शेवटची परीक्षा मात्र कानाची. शीटच्या कडा चोख असतात, पण आत, हातभर खोल, मधल्या थरांना जोड नीट बसलेला नसतो आणि पोकळी राहते. ती डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही. टकटकराव मधल्या बोटाचं पेर वाकवून शीटवर ठोकायचे. एका शीटवर नऊ जागा, प्रत्येक जागी दोन ठोके. त्या पेरावर तीस वर्षांत बोराएवढा घट्टा आला होता. नव्या माणसाला ते सांगत, "शेवटी क आला तर भरीव, प आला तर पोकळ. टक म्हणाली तर घे, टप म्हणाली तर परत." सगळी विद्या एका अक्षरात. थोरल्या मालकांनी एकदा त्यांचे डोळे बांधून तीस शीटा तपासायला लावल्या होत्या. त्यांनी चार बाजूला काढल्या. चारही उभ्या चिरल्या आणि चारही पोकळ निघाल्या. त्या दिवसापासून त्यांच्या खऱ्या नावाचा लोकांना विसर पडला.

आणि आता ही पट्टी.

हा माल कशासाठी होता ते त्यांना चांगलं माहीत होतं. एका निवासी शाळेचे साठ दुमजली पलंग. सध्याच्या मालकांनी, म्हणजे थोरल्या मालकांच्या मुलाने, पलंगाचा आराखडा स्वतः काढला होता आणि त्याचं त्यांना भारी कौतुक होतं. वरच्या फळीखाली मधे आडवी दांडी नाही. फळी दोन्ही कडांनी खाचेत बसते, बस. "बर्च आहे काका, दांडी कशाला?" असं ते म्हणाले होते, आणि टकटकरावांनीच मान डोलावली होती. बर्च भरीव असेल तर खरंच दांडी लागत नाही.

आज सोमवार. पलंग न्यायला गाडी बुधवारी सकाळी येणार होती.

चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर टकटकराव तयार फळ्यांच्या चळतीपाशी गेले. पहिली फळी किंचित उचलून ठोकली. टक. दुसरी. टक. दहा फळ्या झाल्या, सगळ्या टक. त्यांचा जीव जरा खाली बसला. एखादी चुकार शीट निसटली असेल, तीस वर्षांत एक, देवालाही माफ आहे.

मग त्यांना ती पट्टी ज्यातून निघाली तो मोठा तुकडा भिंतीशी उभा दिसला. दाराच्या निम्म्याएवढा असेल. त्याच्या कडेला तीच फट होती, पट्टीच्या फटीला जुळणारी. पोकळी नेमकी कुठे आहे हे आता डोळ्यांनी दिसत होतं. टकटकरावांनी बोट वाकवलं आणि बरोबर तिथे ठोकलं.

टक.

त्यांनी परत ठोकलं. मग भरीव भागावर. मग परत पोकळीवर. मग जोरात, पेर दुखेपर्यंत. लाकूड भरीव जागी जे बोलत होतं तेच पोकळ जागी बोलत होतं. त्यांनी पट्टी खाली ठेवली, हात झटकले, उगाच कानात करंगळी फिरवली आणि पुन्हा ठोकलं. टक. पोकळी होती तिथेच होती. प त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

संध्याकाळी घरी ते हातपाय धुऊन बसले. बायको खिडकीपाशी कपड्यांना काज-बटणं करत होती. घरबसल्या ती शिवणकाम घ्यायची. थोड्या वेळाने ती काहीतरी म्हणाली.

"हो, अगदी खात्री आहे," टकटकराव म्हणाले.

तिने सुई थांबवली. "कसली खात्री?"

"तू विचारलंस ना, खात्री आहे का म्हणून."

"कात्री म्हटलं मी. कात्री! तुमच्या मांडीखाली आहे."

त्यांनी कात्री काढून दिली. एरवी या गोष्टीवर दोघं हसले असते, किंवा निदान ती तरी हसली असती. आज त्यांनी विचारलं, "मला ऐकायला कमी येतं का गं?"

"हे तुम्ही मला विचारताय? मग मी रोज काय घसा साफ करायला ओरडते?"

"कधीपासून?"

"झालं की दीड वर्ष. जास्तच."

"मग सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं की. तीनदा सांगितलं. तुम्हाला ऐकू आलं नाही."

ती हे चिडून बोलली आणि बोलून झाल्यावर तिलाच कसंतरी झालं. टकटकराव उठले, पिशवीतून पट्टी काढली आणि तिच्या मांडीवरच्या कापडावर ठेवली. सगळं सांगितलं, फट, खूण, भोंगा, भिंतीशी उभा तुकडा. ती नुसती ऐकत होती. मधे एकदा तिने आपलं करंगळीचं टोक फटीत घालून पाहिलं.

"कुणाला माहीत आहे?" तिने विचारलं. आता ती त्यांच्या कानाशी येऊन बोलत होती.

"कुणाला नाही. भोंग्याला फट माहीत आहे, पण त्याला वाटतं मी जाणून सोडली."

"मग गप्प बसा की. दोन वर्षं राहिलीत तुमची. कुणी चिरून बघणार आहे का फळ्या? आणि पोरांचं वजन ते काय असतं? फुलासारखी असतात पोरं."

बायकोने पट्टी उचलून बाजूला ठेवली, सुईत दोरा ओवायला घेतला. तो दोनदा हुकला.

"वरच्या पलंगावर केवढी पोरं झोपणार?"

"आठ-नऊ वर्षांची."

"आणि खालच्या?"

"सहा-सातची."

तिने दोऱ्याला गाठ मारली आणि मग कितीतरी वेळ एकही टाका घातला नाही. पुढे तिने त्यांना ना गप्प बसा म्हटलं ना बोला म्हटलं. जेवताना मात्र तिने दरवेळी त्यांच्याकडे तोंड वळवून, एकेक शब्द सुटा करून विचारलं: आणखी वाढू का? टकटकरावांना आठवेना, असं ती कधीपासून बोलायला लागली होती. म्हणजे त्यांच्या घरात त्यांचं दुखणं केव्हाच नांदायला आलं होतं, ओळख तेवढी आज झाली.

मंगळवारी ते तासभर आधीच कारखान्यावर गेले. कुलूप उघडलेलं होतं. पॉलिशच्या खोलीत दिवा होता. पॉलिशवाली बाई लेकीच्या बाळंतपणासाठी बारा दिवस रजेवर होती. आज ती येणार हे ते विसरूनच गेले होते. चाळिशीची, अबोल, अकरा वर्षांपासून इथे कामाला. तिच्या जागी तात्पुरत्या आणलेल्या माणसाने फळ्यांना पहिला हात मारला होता, दुसरा हात आज तिला मारायचा होता.

दाराशी पोचल्यावर टकटकरावांचे पाय थबकले. बाई एका फळीपुढे वाकली होती. मधल्या बोटाचं पेर वाकवून ती ठोकत होती. वरच्या ओळीत तीन, मधल्या ओळीत तीन, खाली तीन. प्रत्येक जागी दोन ठोके. सहाव्या जागी ती थांबली, मान तिरकी करून पुन्हा ठोकलं, आणि ती फळी उचलून तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली. तिथे आधीच सहा फळ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

तिने वळून पाहिलं आणि हात चटकन पदराआड घेतला, एखादी गोष्ट चोरताना सापडल्यासारखा.

"काय करतेस?"

ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल. ऐकू येत नाही मला." हे वाक्य तोंडातून निघून गेल्यावर टकटकरावांना त्याचं वजन कळलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं.

बाईच्या चेहऱ्यावर नवल दिसायला हवं होतं. ते दिसलं नाही.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो, दादा."

"कधीपासून?"

"गेल्या साली ती पुस्तकांची कपाटं केली ना, तेव्हापासून. पॉलिशचा बोळा फिरवताना हाताखाली आवाज वेगळा लागला. म्हटलं, दादांची खूण आहे, माझाच काहीतरी गैरसमज. मग ठोकून बघितलं. तुम्ही नव्या माणसांना शिकवायचात ते ऐकून ऐकून माहीत होतं. क आणि प. मग पुढच्या मालात पण सापडल्या. मग मी सगळ्याच बघायला लागले. तुम्ही घरी गेल्यावर."

"आणि पोकळ निघाल्या त्यांचं काय केलंस?"

तिने फरशीकडे बघितलं. टकटकरावांना उत्तराची वाट बघायची गरज पडली नाही. ते आपोआप समोर येऊन उभं राहिलं. गेलं वर्षभर पॉलिशमधून फळ्या बाद होत होत्या. डाग पडला, ओघळ आला, रंग फुटला. मालक चारचौघांत बाईला बोलले होते, एकदा नाही, चार-पाचदा. गेल्या महिन्यात तर त्यांनी निक्षून सांगितलं होतं, आणखी एक फळी डागाळली तर दुसरी बाई बघू. आणि तेव्हा शेजारी उभं राहून, सगळ्यांना हसू यावं म्हणून, कोण म्हणालं होतं, "हिच्या हातात बोळा द्यायच्या ऐवजी शाईची बाटली द्या"? टकटकरावच म्हणाले होते. ते वाक्य चांगलं गाजलंही होतं. भोंगा दोन दिवस ते ओरडून ओरडून सांगत होता.

"तू मुद्दाम डाग पाडत होतीस," ते म्हणाले.

"तसं नाही केलं तर फळी बाद कशी होणार, दादा? मी पोकळ आहे म्हटलं असतं तर विचारलं असतं, मग पास कुणी केली."

"आणि माझी बोलणी खाल्लीस."

"तुम्ही गमतीनं बोलायचात." बाईने पदराच्या टोकाने बोटांवरचं पॉलिश पुसलं. ते निघण्यासारखं नव्हतंच. "मी इथं आले तेव्हा हात थरथरायचे माझे. पहिलं कपाट सगळं खराब केलं होतं. थोरल्या मालकांना तुम्ही सांगितलंत की लाकूडच तेल पीत नाही, बाईंचा दोष नाही. लाकूड चांगलं होतं, दादा. मला नंतर कळलं."

टकटकरावांना यातलं काहीच आठवत नव्हतं. बोलून गेले असतील. त्या काळी ते असली खोटी साक्ष उठता बसता द्यायचे.

"सात निघाल्यात," बाई म्हणाली. आता ती घाईने, पण स्पष्ट बोलत होती. "अजून निम्म्या व्हायच्यात. सगळे यायच्या आत करते. मग म्हणेन, दुसऱ्या हाताला डाग पडले. तुम्ही जा, चहा घ्या."

"काढून टाकतील तुला."

"बघू."

"काय बघू? घरी आता लेक आहे, तान्हं आहे."

पुढची फळी ओढून तिने बोट वाकवलं. टकटकरावांनी तिच्या बोटाकडे बघितलं. मधल्या पेरावर घट्टा होता. अजून लहान होता, वाटाण्याएवढा. त्यांना एकदम भयंकर लाज वाटली. गेल्या वर्षभरात ते रोज संध्याकाळी पाठ ताठ करून घरी गेले होते. आपल्या हाताखालून वाईट माल जात नाही या एका गोष्टीवर त्यांनी तीस वर्षं कमी पगार, जास्त तास आणि पाठदुखी हसत काढली होती. त्यातलं शेवटचं वर्ष त्यांचं नव्हतंच. ते या बाईचं होतं, आणि त्याबद्दल तिला शाईची बाटली मिळाली होती.

"थांब," ते म्हणाले. "डाग पाडू नकोस. एकही नाही."

मालक आले तेव्हा कारखाना सुरू झाला होता. त्यांची खोली म्हणजे काचेची एक पेटी होती, कोपऱ्यात. टकटकरावांनी आत जाऊन पट्टी टेबलावर ठेवली आणि वर पेन्सिल ठेवली. मालकांनी पेन्सिल फटीत घातली. फट दिसली की कुणाचाही हात आपोआप तिकडे जायचा.

"पलंगांचा माल आहे," टकटकराव म्हणाले. "कड चोख आहे, पोटात पोकळ्या आहेत. सात फळ्या सापडल्यात, आणखी निघतील. गाडी थांबवा."

मालक तडकले. ते उभे राहिले, हात उडवले, आवाज चढला. ते टकटकरावांना छान ऐकू आलं. शाळेला काय तोंड दाखवू, काका तुम्ही असताना हे झालंच कसं, डोळे मिटून खुणा करत होतात का.

"डोळे उघडे होते," टकटकराव म्हणाले. "कान गेलेत. दीड वर्ष झालं. मला कळलं काल. आणि आणखी एक. वर्षभरात पॉलिशमध्ये ज्या फळ्या डागाळल्या त्या डागाळल्या नव्हत्या. पोकळ होत्या. बाईंनी पकडल्या आणि माझं नाव येऊ नये म्हणून स्वतःवर घेतल्या. त्यांच्या हाताला दोष नाही. तुम्ही बोललात, मीही बोललो. दोघांचंही चुकलं."

मालक खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं. लहानपणी ते शाळा सुटल्यावर याच कारखान्यात यायचे आणि टकटकराव त्यांना शीटवर ठोकायला लावायचे. ते टेबलावरून पुढे वाकले, टकटकरावांच्या हातावर हात ठेवला आणि बोलू लागले. हळू, अगदी मायेने, जसं आजारी माणसाशी बोलतात. बाहेर कटर चालू होता. त्यांचे ओठ हलत होते, डोळे ओलसर होते, आणि टकटकरावांना त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता.

मोठ्याने बोला असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण इतक्या जिव्हाळ्याने बोलणाऱ्या माणसाला तसं कसं म्हणायचं? ते मान हलवत राहिले. मधे एकदा "बरं" म्हणाले. शेवटी मालकांनी त्यांचा हात दाबला, तेव्हा बोलणं संपलं असावं असं समजून ते उठले.

बाई दारातच उभी होती. पेटीचं दार उघडं होतं, तिने सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे बघून टकटकरावांना थोडंफार कळलं. पण थोडंफार कळून भागणार नव्हतं.

"काय म्हणाले?"

ती बोलली. ऐकू आलं नाही.

"काय?"

तिने आजूबाजूला बघितलं, तोंड त्यांच्या कानाजवळ आणलं. कटरच्या आवाजात तेही विरघळून गेलं.

"अगं, मोठ्यानं सांग. घाबरू नकोस."

बाईने डोळे मिटले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "उद्यापासून घरी आराम करा, म्हणाले!"

नेमका त्याच वेळी भोंग्याने कटर बंद केला होता.

कारखाना चिडीचूप झाला. रंधा मारणारे थांबले, भोंग्याने कानांवरच्या टोप्या काढल्या. बाई दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी राहिली. सगळे टकटकरावांकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखंही करत होते. त्यांना वाटलं होतं, हे ऐकताना पायाखालची जमीन सरकेल. तसं झालं नाही.

"उद्यापासून ना?" ते म्हणाले. "आज मंगळवार आहे. आज पगार चालू आहे माझा. चल."

तीस फळ्या तपासायच्या राहिल्या होत्या. चळतीत ठेवून ठोकलं की खालच्या फळीचा आवाज वरच्यात मिसळतो. फळी एकेक करून उभी धरावी लागते. बाई आतापर्यंत एकटीच ती गुडघ्याला टेकवून ठोकत होती. टकटकरावांनी पहिली फळी उचलली आणि तिच्यासमोर उभी धरली. वरच्या दोन कोपऱ्यांना फक्त बोटांची टोकं. छातीला टेकवली नाही, पोटाला टेकवली नाही. अंगाला टेकली की लाकूड मुकं होतं. हात लांब ठेवून त्यांनी तिला मानेने खूण केली.

बाई ठोकू लागली. नऊ जागा, दोन-दोन ठोके. लाकडातून बारीकशी थरथर त्यांच्या बोटांच्या टोकांत येत होती, पण ती चांगली की वाईट हे त्यांना सांगता आलं नसतं. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती मान हलवायची, मग ते फळी उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायचे आणि पुढची उचलायचे.

दहा-बारा फळ्यांतच त्यांचे दंड भरून आले. भोंगा एकदा येऊन म्हणाला, मी धरतो, तुम्ही बसा. त्यांनी त्याला हाताने बाजूला केलं. अठराव्या फळीला बाई मधल्या ओळीत थांबली. पुन्हा ठोकलं. आणखी एकदा. तिला खात्री होत नव्हती. तिने वर त्यांच्याकडे बघितलं, वर्षानुवर्षं सगळे बघायचे तसं, आणि मग तिच्या लक्षात आलं.

"तुला काय वाटतं?" टकटकरावांनी विचारलं, आणि तिचं ठरेपर्यंत फळी तशीच अधांतरी धरून ठेवली.